घाटा

वर्गात बहिणाबाई शिकवायला घेतल्या, की माझी जीभ फार सैल सुटते. चूल, जाते, खळे असा शब्द निघाला रे निघाला, की खडू खाली ठेवून मी अर्धा तास बोलतो. त्यातले माझ्या हातांना किती ठाऊक आहे, हे गेल्या चैत्रात मावशीच्या अंगणात कळले.

मावशीचे गाव जळगावजवळ, बहिणाबाईंच्या माहेराच्या, आसोद्याच्या बाजूला. शेत अवघे चार एकर. मी पोहोचलो तेव्हा दादर खळ्यावरून घरात आली होती. (दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, मुंबईकर वाचकांनी स्टेशन मनात आणू नये.) मावसभाऊ कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटून भारे रचत होता. इथले ऊन सकाळी नवालाच डोक्यावर येऊन बसते, म्हणून घर पहाटे चारला जागे होते.

यंदा बिबडे करायचे नाहीत, असे वहिनींनी ठरवले होते. मावशीची सत्तरी उलटलेली. पावसाळ्यात पडून उजवा हात मोडला, तो जुळला, पण जोर गेला. शिवाय रस्त्याकडचे दोन एकर, नेमके दादरीचे, प्लॉटवाल्याला द्यायचे ठरत होते. त्याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मावशीने मात्र कोणाला न विचारता ज्वारी भिजत घातली. तीन दिवस रोज पाणी बदलले, मग निथळून भरडून आणली.

"विकतची ज्वारी पुढच्या साली हायेच," एवढेच ती म्हणाली.

पहाटे अंगणातल्या चुलीवर मोठे पातेले चढले. पाण्याला आधण आले. मीठ, तीळ, वाटलेली मिरची आणि लसूण पडला. मावशी एका हाताने भरड सोडू लागली आणि चाटू माझ्या हाती आला. पहिली पाच मिनिटे मी हसतमुख होतो. मग घाटा आळू लागला. चाटू चिखलात रुतलेल्या चाकासारखा अडला. पऱ्हाट्यांचा जाळ भडकून भसकन विझे. वहिनी पुन्हा सारत. डोळ्यांत धूर, मनगटात कळ.

"हालव रे भो, बुडाला लागीन! कालेजात काय नुसतं बोलतं का?"

मी काय उत्तर देणार!

घाटा शिजला, तेव्हा शेजारची पोरे वाट्या घेऊन हजर झाली. गरम घाटा, वर कच्चे तेल. वाचकहो, बिबडे तळून मी पुण्यात कितीदा खाल्ले आहेत. पण खरा मान या वाटीचा. मग खाटांवर ओली धोतरे पसरून बायकांनी पाण्याच्या हाताने चकत्या थापल्या. ऊन तापले तसे त्या वाळल्या. वाळल्यावर कापड उलटे करून पाणी शिंपडले, की बिबडा अलगद सुटतो. हे काम मला जमले. मावशीने तसे मान्यही केले.

संध्याकाळी मोजून डबे भरले. माझ्या वाटणीचा डबा बाजूला ठेवून मावशीने पायलीभर दादर निवडायला घेतली. टपोरे दाणे वेगळे करून तिने मडक्यात घातले, वर चुलीतली राख टाकली. बियाण्यासाठी दरसाल ठेवते तशीच.

मावसभाऊ दारात उभा राहून बघत होता. प्लॉटवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. तो काही बोलला नाही. बाहेर गेला आणि निंबाची डहाळी तोडून घेऊन आला. मावशीने पाला ओरबाडून मडक्यात टाकला आणि तोंडाला फडके बांधले.