तळ्याकाठचं ल्युसर्न

स्वित्झर्लंड म्हटलं, की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या डोळ्यांपुढे आधी बर्फ येतो आणि मग हिंदी सिनेमातलं गाणं. हल्ली लहानमोठ्या गावांतूनही युरोपच्या सहली निघतात. कुणी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला जातं, कुणी यजमान निवृत्त झाले म्हणून जातं, कुणाला परदेशातला मुलगा तिकीट पाठवतो. या सहलींच्या कार्यक्रमात ल्युसर्नचं नाव हटकून असतं. पण कसं असतं? लाकडी पूल, सिंहाचं शिल्प, खरेदी, संपलं ल्युसर्न! बस थांबते, बरोबरचा माणूस दीड तासात परत यायला बजावतो. त्यातला पाऊण तास घड्याळांच्या दुकानात जातो, पाव तास स्वच्छतागृह शोधण्यात आणि उरलेला फोटो काढण्यात.

मैत्रिणींनो, भिशीतून नि घरखर्चातून वर्षानुवर्षं बाजूला टाकलेल्या पैशांनी घडणारा हा प्रवास. त्याचं असं होऊ नये, म्हणून या गावाची थोडी ओळख करून देते. निदान एक रात्र तरी इथे मुक्काम होईल असं बघा. दोन झाल्या तर सोन्याहून पिवळं.

ल्युसर्न स्वित्झर्लंडच्या मधोमध आहे. झुरिकहून आगगाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. आल्प्समधलं गाव म्हणून धाप लागेल अशी भीती नको. समुद्रसपाटीपासून त्याची उंची अवघी ४३४ मीटर, म्हणजे आपल्या पुण्याहूनही कमी. स्टेशनातून बाहेर पडलात, की रस्त्यापलीकडे तळं. टॅक्सी नको, चौकशी नको. पाणी, पाण्यावर हंस, धक्क्याला लागलेल्या बोटी आणि पाठीमागे डोंगर. तळं म्हणायचं ते आपल्या सवयीने, कारण त्याचा विस्तार ११४ चौरस किलोमीटर आहे. डोंगरांच्या कुशीत शिरत, वळत ते इतकं दूर जातं, की एका जागी उभं राहून पुरं दिसतच नाही. त्याचं जर्मन नाव एका दमात म्हणता येणार नाही, पण अर्थ सोपा आहे : चार अरण्यप्रांतांचं सरोवर.

या पाण्यानेच गावाला श्रीमंत केलं. तेराव्या शतकात गोटहार्डची खिंड वाहती झाली आणि इटलीचा माल उत्तरेकडे येऊ लागला. खिंड उतरलं की पुढे सरोवर. काठाचे कडे इतके उभे, की त्या टोकाला काठाने रस्ता झाला तो थेट १८६५ साली. तोवर माल नावेतच चढवायचा आणि ल्युसर्नला उतरवायचा. आल्यागेल्या मालावर जकात बसायची, व्यापार व्हायचा. आज गावात भिंतींवर रंगीत चित्रं काढलेली जी जुनी घरं दिसतात, त्यांच्यामागे ही कमाई आहे.

दोन पूल

सरोवरातून रॉइस नदी बाहेर पडते, तिथेच तो प्रसिद्ध लाकडी पूल आहे. काप्पेलब्र्युके, म्हणजे देवळाजवळचा पूल. चौदाव्या शतकातला. वर कौलारू छप्पर, दोन्ही अंगांना उन्हाळ्यात फुलांच्या कुंड्या, आणि लांबी दोनशे मीटरच्या वर. तो नदी सरळ ओलांडत नाही, तिरका जातो. कारण तो नुसता ये-जा करण्यासाठी बांधलेला नव्हता. सरोवराकडून येणाऱ्या शत्रूला अडवणारी ती गावाची तटबंदी होती. शेजारी पाण्यातच अष्टकोनी बुरूज उभा आहे. त्यात कधी खजिना ठेवला, कधी गावाची कागदपत्रं, तर कधी कैदी.

पुलावरून चालताना मान वर करा. छपराच्या तुळयांखाली त्रिकोणी लाकडी फळ्यांवर चित्रं आहेत. सतराव्या शतकात गावातल्या मातब्बर घराण्यांनी खर्च करून ती काढवून घेतली. स्वित्झर्लंडचा नि गावाचा इतिहास, संतांच्या कथा, असं सारं त्यांत आहे. मध्येच मात्र चित्रं नाहीशी होतात. १९९३ सालच्या १८ ऑगस्टला मध्यरात्रीनंतरच्या अंधारात पूल पेटला. बुरूज वाचला, पण पुलाचा मोठा भाग गेला आणि दोन-तृतीयांश चित्रांची राख झाली. गावाने हाय खाल्ली नाही. आठ महिन्यांत, १९९४ च्या एप्रिलमध्ये, पूल पुन्हा उभा केला. नव्या लाकडाचा नि जुन्याचा रंग जवळून पाहिला तर वेगळा कळतो. एखाद्या जुन्या पैठणीला निगुतीने जोड दिलेली असावी, तसा.

बहुतेक सहली इथूनच परततात. तुम्ही मात्र नदीच्या काठाने आणखी दहा मिनिटं खाली चला. वाटेत पाण्यात उभ्या लाकडी दांड्यांची एक रांग दिसेल. हे सरोवराचं पाणी राखायचं जुनं साधन, एकोणिसाव्या शतकातलं. पाणी वाढलं की दांडे काढायचे, उतरलं की परत लावायचे. त्याच्यापुढे दुसरा लाकडी पूल लागतो, तो श्प्रॉयरब्र्युके, म्हणजे चक्क कोंड्याचा पूल! इथे पिठाच्या चक्क्या होत्या, आणि धान्याचा कोंडा नदीत टाकायचा तर तो याच पुलावरून, खालच्या अंगाला टाकायचा असा नियम होता. वरचं पाणी घाण व्हायला नको ना! गावाने पाणी कसं जपलं ते या नावातच आलं.

या पुलावरची चित्रं सतराव्या शतकातल्या कास्पार मेग्लिंगर या चित्रकाराने आणि त्याच्या हाताखालच्यांनी काढली. विषय मृत्यूचा. हाडांचा सापळा राजाच्या खांद्यावर हात ठेवतो, नवरीजवळ जातो, व्यापाऱ्याजवळ जातो. भीती वाटण्यापेक्षा आपल्या कीर्तनातल्या उपदेशाची आठवण व्हावी, असा त्याचा सूर आहे. पाठीवर भाजीची पिशवी घेऊन बायका त्या चित्रांखालून रोज घरी जातात.

सिंह आणि त्यामागची घरं

आता सिंहाकडे. जुन्या गावातून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, एका छोट्या तळ्याच्या पलीकडे उभ्या कातळात दहा मीटर लांबीचा सिंह कोरला आहे. कुशीत भाल्याचं टोक रुतलेलं, पंजाखाली फ्रान्सच्या राजाची ढाल. शिल्पाचा आराखडा डेन्मार्कच्या थोरवाल्डसेनचा, आणि १८२१ साली ते पुरं झालं. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन याला तो जगातल्या सर्वांत दुःखी दगडांतला वाटला होता.

सिंह मरतोय तो कशासाठी? १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसमध्ये क्रांतिकारकांनी राजवाड्यावर हल्ला केला, तेव्हा राजाचे पहारेकरी होते स्विस शिपाई. ते शेकड्यांनी मारले गेले. फ्रान्सच्या राजाशी या पोरांचा संबंध काय? पगाराचा. आज आपल्याला जो देश पैशांच्या राशीवर बसलेला दिसतो, तो तेव्हा गरीब होता. डोंगरउतारावरच्या तुटपुंज्या शेतीत सगळ्या मुलांचं पोट भरत नसे. मग जाणते मुलगे परक्या राजांच्या फौजांत जात. ल्युसर्नच्या बड्या घराण्यांनी अशी माणसं पुरवून भरपूर पैसा केला. ही प्रथा कायद्याने बंद झाली ती १८५९ साली.

कातळावर लॅटिन अक्षरं कोरली आहेत. अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांची नावं नाहीत, नुसता आकडा आहे : मेलेले सुमारे ७६०. ‘सुमारे’ हा शब्द मनाला लागतो, नाही? कोकणातल्या नि घाटावरच्या कितीतरी घरांतून माणसं अशीच पलटणीत गेली, गिरणीत गेली, बोटीवर गेली, आणि मागे बायकांनी शेत, गुरं नि पोरं सांभाळली. तिथेही तेच झालं. फोटो काढून झाला की दोन मिनिटं त्या घरांची आठवण काढा.

अशा घरांतल्या बायकांना त्या देशाने काय दिलं, हेही सांगायला हवं. आपल्याकडे पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, आणि आपल्या आयांनी, आज्यांनी पहिल्याच खेपेला पुरुषांच्या बरोबरीने मत दिलं. स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्न १९५९ साली मतदानाला टाकला, तेव्हा मत देणारे सगळे पुरुषच. त्यांनी नकार दिला! बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं ते ७ फेब्रुवारी १९७१ च्या मतदानानंतर. त्याच वर्षी पहिल्यांदा ज्या थोड्या स्त्रिया संसदेत निवडून गेल्या, त्यांत ल्युसर्नच्या वकील योझी मायर होत्या. पुढे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष त्याच झाल्या. लग्नाच्या जुन्या कायद्याप्रमाणे घराचा प्रमुख नवरा. बायकोला नोकरी करायची तर त्याची संमती लागे. हा कायदा बदलला तो १ जानेवारी १९८८ पासून. ल्युसर्नच्या बाकांवर उन्हात बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बायका तुम्हांला दिसतील. संसाराची कितीतरी वर्षं त्या कायद्याखाली काढलेल्या आहेत त्यांतल्या बऱ्याचजणी. परदेशातलं सगळंच आपल्यापेक्षा पुढचं, असं मानून जाऊ नये ते यासाठी.

बोटीने, डोंगरावर

दुसरा दिवस मिळाला तर तो पाण्यावर घालवा. इथे पाच जुन्या वाफेच्या बोटी अजून चालतात. त्यांच्या पोटातलं चकचकीत यंत्र फिरताना वरून बघता येतं. मुलं नि यजमान तिथून हलत नाहीत! तासाभरात बोट फिट्झनाऊला पोचते. तिथून दातेरी रुळांची गाडी रिगी डोंगरावर जाते. १८७१ साली सुरू झालेली ही युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. तिच्याआधी तीनच वर्षं, १८६८ साली, इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया इथे महिनाभर येऊन राहिली होती, आणि तेही खोट्या नावाने. पतीच्या मृत्यूला सात वर्षं होत आली होती तरी तिचं दुःख ओसरलं नव्हतं. डोंगरांनी तिला बरं वाटलं असं म्हणतात.

समोरच्या पिलाटसवर १८८९ पासून चालणारी गाडी जगातली सर्वांत चढाची दातेरी गाडी आहे. दोन्हींपैकी एकच करायचं तर गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणींनी रिगी निवडावा. माथा मोकळा आहे, बसायला जागा आहे आणि सरोवर खाली नकाशासारखं पसरलेलं दिसतं. मात्र निघण्याआधी आभाळ बघा. ढग असतील तर वर जाऊन पैसे ढगांत घालवल्यासारखं होईल.

उपयोगाच्या चार गोष्टी

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. चौकाचौकात कारंजी आहेत, त्यांचं पाणी पिण्याचं असतं. नसेल तिथे तशी पाटी असते. रिकामी बाटली जवळ ठेवा.

मंगळवारी नि शनिवारी सकाळी नदीच्या दोन्ही काठांना बाजार भरतो. भाजी, फळं, चीज, पाव, फुलं. उपाहारगृहातलं जेवण फार महाग. त्यापेक्षा पाव, चीज, टोमॅटो घेऊन काठावर बसलात तर चौघांचं भागतं. रविवारी स्टेशनातली सोडली तर दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरा.

शाकाहारी असाल तर रोश्टी मागवा. बटाटा किसून तव्यावर खरपूस परततात, उपासाच्या किसाची थोरली बहीणच म्हणा. आल्प्समधल्या गुराख्यांची मॅकरोनी, बटाटा, चीज नि कांद्याची खिचडीही मिळते, वर सफरचंदाचा मुरंबा. पण दोन्हींत डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे. आधी विचारून घ्या.

मुक्काम असेल तर हॉटेलातून पाहुण्यांचं कार्ड मागून घ्या. त्यावर गावातल्या बसला तिकीट पडत नाही. छत्री जवळ हवीच. साडी नेसा नाहीतर पंजाबी ड्रेस घाला, पायात मात्र बूट हवेत. जुन्या गावातली वाट दगडी फरशांची आहे.

आता एक शेवटचं, आणि ते जरा घरचंच. परदेशातही आपण बरोबरच्यांच्या गोळ्या, मफलर नि खाण्याचे डबे सांभाळत फिरतो. ल्युसर्न लहान आहे, सुरक्षित आहे, चुकलात तरी तळं कुठूनही सापडतं. तेव्हा एका सकाळी यजमानांना हॉटेलात चहा पिऊ द्या आणि दोन तास एकट्या बाहेर पडा. गावाच्या मागच्या अंगाला जुना तट आहे, त्याला नऊ बुरूज. उन्हाळ्यात त्यांतल्या काहींवर फुकट चढता येतं. एका बुरुजावर १५३५ सालचं घड्याळ आहे, आणि गावातल्या बाकीच्या घड्याळांच्या आधी एक मिनिट टोले द्यायचा मान त्याला आहे. ते वाजू लागलं की तिथेच उभ्या राहा. मग मिनिटभराने खालच्या देवळांचे टोले एकामागून एक सुरू होतात. ते ऐकायला पैसे पडत नाहीत, आणि दीड तासाच्या सहलीत ते कुणाच्या वाट्याला येत नाहीत.