काचेआडचा संसार

मैत्रिणींनो, पुण्याला गेलात की तुमची पावलं आपोआप तुळशीबागेकडे वळतात ना? वळू देत! डबे, गाळणी, पोळपाट, काय घ्यायचं ते घेऊन होऊ दे. पण पिशव्या भरल्या म्हणून लगेच परतीची रिक्षा करू नका. बाजीराव रस्त्याने थोडं चालत या आणि शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरा. ढाली-तलवारी इतर ठिकाणीही बघायला मिळतात. इथे बघायचा तो आपल्यासारख्यांचा संसार.

हा संसार जमवला दिनकर गंगाधर केळकर यांनी (१८९६–१९९०). व्यवसाय चष्म्यांचा, पण मन कवीचं. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. साधारण १९२० पासून त्यांनी गावोगाव फिरून घरगुती वस्तू गोळा केल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा सातव्या वर्षी गेला. त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. वीस हजारांच्या आसपास वस्तूंचा हा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. सगळ्या वस्तू एका वेळी मांडलेल्या नसतात, पण ज्या आहेत त्या बघायलाही एक दुपार पुरत नाही.

दिवे किती तऱ्हांचे! अडकित्ते तर असे, की सुपारी न खाणाऱ्यालाही हातात घ्यावासा वाटेल. कुलपं, दौती, पानाचे डबे, भाजी चिरायच्या विळ्या, शेवया पाडायची यंत्रं. आणि वज्री! पाय घासायची ती वज्री. तिच्यावरही कुणीतरी हौसेने हत्ती, पक्षी बसवले आहेत. शिवाय कोथरूडला असलेल्या मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून इथे पुन्हा उभे केलेले आहेत, तेही चुकवू नका.

मागच्या मे महिन्यात आम्ही साताऱ्याहून एस.टी.ने गेलो. बरोबर सासूबाई, नववीतली लेक आणि सातवीतला मुलगा. सासूबाईंनी पंचाहत्तरी गाठली आहे. पहिल्या दालनापासूनच त्यांचं सुरू झालं, "बघा गं, हे सगळं आम्ही हाताने करत होतो. तुम्हाला धड बटण लावता येत नाही. कणकेत पाणी किती घालायचं तेही आता मोबाइलला विचारायचं!"

हे बोलणं तुमच्याही घरी होत असेल. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत आम्हीही हेच बोलतो, बरं का! मुलांना गाठ मारता येत नाही, वहीला कव्हर घालता येत नाही, डब्याचं झाकण उघडायलासुद्धा बाई लागतात.

शेवयांच्या यंत्राशी मात्र सासूबाई थांबल्या, आणि तक्रार विसरून सांगू लागल्या. पीठ किती घट्ट भिजवायचं, किती मळायचं, सैल झालं तर शेवई काठीवर टाकताच कशी तुटून खाली येते, कोवळ्या उन्हात का चालत नाही. यातलं एक अक्षरही काचेवरच्या चिठ्ठीत नव्हतं. वस्तू काचेआड राहिली होती, पण ती चालवणारं ज्ञान आमच्या शेजारी उभं होतं, निळ्या काठाच्या साडीत!

लेक म्हणाली, "आजी, पण तू मला कधी हात लावू दिलास? मी कणीक मळायला बसले की म्हणतेस, राहू दे, सांडशील."

सासूबाई गप्प झाल्या. मीही गप्प. मुलाने विचारलं, "आणि मला तर कुणी सांगतच नाही." खरंच आहे. मुलांना काही येत नाही असं म्हणताना आपण बहुतेक वेळा मुलींचीच यादी वाचतो.

पुढे दौत-लेखण्यांच्या कपाटाशी सासूबाईच म्हणाल्या, "माझे वडील बोरू छान तासायचे. मला नाही कधी जमलं. आमच्या शाळेत टाक आला होता." म्हणजे त्यांच्या हातूनही एक विद्या सुटलीच होती! त्यांच्या आईने पहाटे उठून जात्यावर दळलं, त्यांनी डबा गिरणीत पाठवला. त्याबद्दलही तेव्हा कुणी नाक मुरडलं असणारच.

आणि न येणं काही आजचं आहे का? लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचं. सगळ्या जणी आईजवळ सगळं शिकत असत्या, तर ते पुस्तक लागलं कुणाला? कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि घराघरांत नव्या सुनेच्या सामानात गेली. लोक कमलाबाईंना कौतुकाने 'एक लाख सुनांची सासू' म्हणत. या सासूने काय केलं? "अंदाजाने घाल" असं म्हणून मोकळी झाली नाही. वाटी आणि चमचा हातात दिला आणि माप सांगितलं. अंदाज हा पुष्कळदा केल्यावर येतो. आधी माप लागतं, हे तिने ओळखलं.

सगळंच जपायला हवं असं मात्र मुळीच नाही. पहाटेचं दळण गेलं त्याचं दुःख कुणी करू नये. त्या दळणात बायकांचे खांदे गेले. विळी, अडकित्ता काचेत शोभतो, तिथेच राहू दे. पण बटण, कणीक, वरणभाताचा कुकर, गॅस बंद आहे की नाही ते बघणं, उसवलेली शिवण घालणं, फ्यूज उडाला तर मेन स्विच कुठे आहे ते ठाऊक असणं, ही कामं अजून काचेत गेलेली नाहीत. ती रोज लागतात, आणि उद्या वसतिगृहात किंवा परगावच्या नोकरीत आपल्या लेकीला लागतील तितकीच लेकालाही लागतील.

तेव्हा संग्रहालयात जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर न्या. त्यांना बसायला मिळेल तिथे बसवा आणि "हे कसं चालायचं?" एवढंच मुलांना विचारायला लावा. वेळ आणि सुट्टीचा वार आधी चौकशी करून घ्या. मग घरी आल्यावर रविवारी एकच काम शिकवा. एक वाटी तांदूळ मोजून द्या, पाण्याचं माप सांगा, आणि तुम्ही ओट्यापासून चार पावलं लांब उभ्या राहा. हेच कठीण आहे, आधीच सांगून ठेवते! सांडेल, करपेल, उशीर होईल. सांडलं तर फडकंही त्याच हातात द्या, ओटा पुसणं हेही शिकायचंच काम आहे.