गच्चीसह उत्तरायण

आमच्या घरात एक खेळ आहे. एकाने सणाचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी सांगायचं, की तो सण कोणत्या गोष्टीतल्या घरी किंवा गावी करायला आवडेल. अट एकच, जागा पुस्तकातली हवी. नकाशावर सापडणारी सांगितली की बाद. पंच आजी. ती बऱ्याचदा उघड अन्याय करते, पण तिच्या हातचे लाडू खायचे असल्यामुळे तक्रार कोणी करत नाही.

हा खेळ आम्हाला कसा लागला, हे बडोद्याच्या मराठी घरांना समजावून सांगायला नको. गणपती आले, की माझ्या मुंबईच्या मैत्रिणी "गावी चाललोय" म्हणून कोकणात निघतात. मग मला विचारतात, "तुझं गाव कोणतं?" मी म्हणते, बडोदा. "ते नाही गं, मूळ गाव!" मूळ गावाचं नाव मला ठाऊक आहे, रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. पण पणजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात नोकरीला आले आणि त्यानंतर तिकडे आमचं ना घर राहिलं, ना शेत. आजोबा कुलदैवताला एकदा जाऊन आले, बाबा दोनदा, मी अजून नाही. सणाला कुठे जायचं म्हणजे निजामपुऱ्यातून निघून दांडिया बाजारात आत्याकडे. रिक्षा मिळाली तर वीस मिनिटं. तेव्हा बाकीची गावं आम्ही पुस्तकांतून घेतली.

पुस्तकंसुद्धा मी वाचलेली कमी आणि ऐकलेलीच जास्त. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्ली गुजराती. मराठी बोलायला अडत नाही, पण वाचताना माझी गाडी अजूनही पॅसेंजरसारखी प्रत्येक जोडाक्षरावर थांबते. बाबा मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकं आणायचे. सयाजीरावांनी उभं केलेलं हे ग्रंथालय ज्यांनी आतून पाहिलं नसेल, त्यांनी एकदा जरूर पाहावं. पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेची फरशी आहे, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. लहानपणी मी त्या काचेवर पाऊल टाकायला घाबरायचे आणि बाबांच्या शर्टाचं टोक धरून ठेवायचे. उन्हाळ्याच्या रात्री अगाशीत गाद्या टाकून वाचन चालायचं. (अगाशी म्हणजे गच्ची. आमची मराठी अशीच आहे, चालवून घ्या ने!)

यंदा १३ जानेवारीच्या रात्री त्याच अगाशीत आम्ही सगळे पतंगांना किन्ना बांधत बसलो होतो. दादा, वहिनी आणि माझी अकरा वर्षांची भाची टोरांटोहून आली होती. उत्तरायणासाठी दादा सहा वर्षांनी येत होता, आणि येण्याचं खरं कारण वेगळं होतं. आमची सोसायटी पाडून तिथे सात मजली इमारत उभी राहायची आहे. सोळा टेनामेंट, त्यांपैकी पंधरा घरांच्या सह्या झालेल्या. उरलेली सही बाबांची. त्यांना पटवायचं काम दादावर सोपवलेलं होतं आणि दादाने फोनवर ते माझ्यावर ढकललं होतं. मी बाबांना दोनदा ऐकवलंही होतं: पावसाळ्यात माळ्याच्या भिंतीला ओल येते, आजीला जिना चढवत नाही, नव्या इमारतीत लिफ्ट असेल. बाबा दोन्ही वेळा "बघू" म्हणाले होते. त्या रात्री हा विषय काढायचा नाही, असं आईने सगळ्यांना खाली स्वयंपाकघरात बजावलं होतं.

म्हणून खेळ काढला. सुरुवात भाचीने केली. सण नाताळ, जागा हॉगवर्ट्स. आजीने खुलासा मागितला. भाची सांगायला लागली, की सुट्टीत बहुतेक मुलं आपापल्या घरी जातात, पण हॅरीला जावंसं वाटेल असं घरच नाही, म्हणून तो शाळेच्या किल्ल्यातच राहतो. आणि त्या पहिल्या नाताळला त्याला मित्राच्या आईकडून स्वेटर येतो.

"विकतचा?"

"नाही, तिने विणलेला."

आजीने पूर्ण गुण दिले. जादूची छडी, घुबडं, उडणारे झाडू, यातल्या कशाचीही तिने चौकशी केली नाही.

आजीचं स्वतःचं उत्तर दर वर्षी तेच. दिवाळी, 'श्यामची आई'मधलं घर. खरं तर हे नियमात बसत नाही. साने गुरुजींचं पालगड दापोली तालुक्यात आहे, तिथे त्यांचं घर स्मारक म्हणून जपलेलं आहे. पण पंचांना कोण बाद करणार? तिचं म्हणणं असं, की पुस्तकातलं पालगड वेगळं. त्यातल्या दिवाळीच्या प्रकरणात श्यामची आई भावाकडून आलेल्या भाऊबीजेच्या पैशांतून स्वतःला लुगडं घेत नाही, नवऱ्याचं धोतर फाटलंय म्हणून त्याला धोतर आणते. आजीला तिथे फराळाला जायचं नाही. "मी एक लुगडं घेऊन जाईन," ती म्हणते, "आणि ती नको नको म्हणेल तरी ठेवून येईन." हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तिच्या मनात ते लुगडं कोणत्या रंगाचं आहे, हेसुद्धा मला माहीत आहे. जांभळं.

बाबांचं उत्तर मालगुडी. आर. के. नारायण यांनी १९३५ च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये हे गाव पहिल्यांदा वसवलं, पण बाबांच्या डोक्यात पुस्तकापेक्षा दूरदर्शनवरची मालिका जास्त आहे. शंकर नाग यांनी तिचं चित्रण कर्नाटकात आगुंबेला केलं. चार वर्षांपूर्वी आम्ही मुद्दाम तिथे गेलो. ज्या जुन्या घरात चित्रण झालं ते दोड्डमने, म्हणजे मोठं घर, अजून उभं आहे. लाकडी खांब, मधे चौक, चौकात उतरणारा पाऊस. बाबा एका खांबाला टेकून अर्धा तास काही न बोलता बसले. मी फोटो काढले आणि नंतर पाहिले, तर सगळ्यांत बाबांचे डोळे मिटलेले. मला स्वतःला जरा चुकल्यासारखं झालं होतं. खोट्या गावाचं खरं घर बघितलं, की ते दुसऱ्या कोणाचं तरी घर आहे हे लक्षात येतं. दोरीवर त्यांचे टॉवेल वाळत होते.

माझं उत्तर चिमणराव. दिवाळीचे चारही दिवस मला पुण्यात चिमणरावांकडे काढायचे आहेत. काऊ चकल्या तळत असेल, मोरू आणि मैना फटाक्यांच्या वाटणीवरून भांडत असतील आणि "यंदा खर्च आटोक्यात" असं चिमणराव सकाळी ठरवतील तेवढ्यात गुंड्याभाऊ दारात उभा. पहाटेचं अभ्यंगस्नान गुंड्याभाऊच्या देखरेखीखाली झालं, तर बंबाचं काय होईल ते मला बघायचंय. तिथे कोणी माझ्या वाचनाला हसणार नाही, कारण तोवर घरात त्याहून मोठा गोंधळ झालेला असेल.

"चिमणराव कुठे राहायचे?" भाचीने विचारलं.

"पुण्यात. पण जन्मले इथे," बाबा म्हणाले.

हे मला माहीत होतं तरी मी ते नीट मनावर घेतलं नव्हतं. चिं. वि. जोशी बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, पुढे संस्थानच्या दफ्तराचं कामही त्यांच्याकडे होतं. १९३३ मध्ये 'चिमणरावांचे चऱ्हाट' पुस्तकरूपाने आलं, तेव्हा ते बडोद्यातच होते. ते कॉलेज म्हणजे आताची आपल्या विद्यापीठाची कला शाखा, तीच ती मोठ्या घुमटाची इमारत. आमच्या घरून स्कूटरवर दहा मिनिटं. मी कॉलेजची तीन वर्षं त्या घुमटाखालून गेले आणि चिमणरावांचं पुणं मनात शोधत राहिले. ते पुणं सांगणारा माणूस मात्र इथल्या उन्हात वर्गावर जात होता, संध्याकाळी इथल्याच रस्त्यांनी घरी येत होता. आणि त्याच १९३३ साली, फेब्रुवारीत, साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात. कोकणातला समुद्र, विहिरीतलं पोहणं, दिवाळी, सगळं गजांच्या आत बसून. मी हे बोलून दाखवलं तेव्हा दादा किन्ना बांधायचा थांबला. टोरांटोत दिवाळीला त्यांच्याकडे स्मोक अलार्म वाजेल म्हणून पणत्या बॅटरीच्या लावतात. तो म्हणाला, "म्हणजे घरात बसून घराबद्दल कोणी लिहीतच नाही का?" आई म्हणाली, "घरात बसलेल्यांना कामं असतात."

मग भाचीने विचारलं, "उत्तरायण कुठे करणार?" आणि सगळे गप्प. इतक्या वर्षांत हा सण कोणी खेळात काढलाच नव्हता. दिवाळी, गणपती, होळी, नाताळ, अगदी नागपंचमीसुद्धा झाली होती. मराठी पुस्तकांत संक्रांत सापडते, तिळगूळ सापडतो, हळदीकुंकू तर भरपूर. पण दोन दिवस सगळं गाव अगाशीवर, खाली कोणी नाही, उंधियू आणि जिलबी वरच, आणि चारी बाजूंनी "काप्यो छे!" हे कोणत्या मराठी पुस्तकात आहे? असेल तर कळवा, खरंच. आमच्या घरी आई खाली सुगडं पुजते आणि तासाभराने वर येऊन भगिनी समाजाच्या सेक्रेटरीचा पतंग कापते. हे कोणी लिहिलेलं मी ऐकलेलं नाही.

बनगरवाडीचं नाव दादाने घेतलं आणि स्वतःच मागे घेतलं. माळ मोठा आहे, वारा असेल, पण शेवटी दुष्काळात ती वाडीच रिकामी होते. सणाला जाऊन असं काही बघायचं नाही.

उत्तर बाबांनीच दिलं. बटाट्याची चाळ.

पु. लं.चं हे पुस्तक १९५८ चं. गिरगावातली चाळ, साठ बिऱ्हाडं, आणि वर गच्ची. गच्ची आहे, पण मालकाच्या कुलपात. ती मिळावी म्हणून चाळकरी चळवळ उभारतात. त्या प्रकरणाचं नाव 'गच्चीसह झालीच पाहिजे'. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रस्त्यारस्त्यावर होत्या, त्यावरून घेतलेलं. बाबा रंगात आले. चाळीला उत्तरायण दिलं तर काय होईल! आधी पतंग उपसमिती. तिच्या अध्यक्षपदावरून दोन गट. कोचरेकर मास्तरांचं पतंगांच्या इतिहासावर भाषण, ते संपेपर्यंत वारा पडलेला. त्रिलोकेकर फिरकी धरतील आणि सूचना इंग्रजीतून देतील. साठ बिऱ्हाडांत मिळून तीन पतंग उडतील आणि तिन्ही एकमेकांनाच कापतील. आजी हसून हसून डोळे पुसत होती. भाचीला अर्ध्याच गोष्टी कळत होत्या, पण तीही हसत होती.

"पण त्यांना गच्ची मिळाली का?" तिने विचारलं.

बाबांनी उत्तर दिलं नाही. ते अगाशीच्या कठड्याकडे बघत होते. छाणी जकातनाक्याच्या बाजूला आता उंच इमारतींच्या दिव्यांची रांग दिसते. बाबांच्या लहानपणी इथून तिकडे शेतं होती, असं ते नेहमी सांगतात. त्या रात्री सांगितलं नाही. थोड्या वेळाने मला म्हणाले, "त्या नकाशात वर काय दाखवलंय गं?"

नकाशा माझ्या मोबाइलमध्ये होता. मी मोठा करून दाखवला. सातव्या मजल्यावर पाण्याच्या टाक्या, सोलर पॅनल, लिफ्टची खोली, आणि जिन्याच्या तोंडाशी एक दार. दारावर लिहिलं होतं, प्रवेश फक्त देखभालीसाठी. मी तो नकाशा निदान दहा वेळा पाहिला असेन. स्वयंपाकघर किती फुटांचं, आजीच्या खोलीला उजेड कुठून, वाहन लावायला जागा किती, सगळं पाठ होतं. वरचा मजला मी कधी उघडलाच नव्हता.

पुढचे दोन दिवस पतंग उडवले. वाशी उत्तरायणाला दादाचा अंगठा मांज्याने कापला, नेहमीप्रमाणे.

त्या रविवारी सोसायटीची सभा होती. बाबा वहीच्या कागदावर गुजरातीत लिहून घेऊन गेले. अगाशी सर्व रहिवाशांना खुली राहील. १४ आणि १५ जानेवारीला दिवसभर दाराला कुलूप नसेल. टाक्या आणि पॅनल एका बाजूला, निम्मी जागा मोकळी. कठडा छातीएवढा. बिल्डरकडून आलेला तरुण आधी हसला. मग शेजारच्या बेननी विचारलं, "अगाशी विना उत्तरायण क्यां करवानी?" आणि एकेक करत आणखी हात वर झाले. आधीच सह्या करून बसलेले पंधराही जण. गेले आठ महिने एकमेकांशी पार्किंगवरून न बोलणारे दोघे एकाच बाजूने बोलायला लागले. त्या तरुणाने कागद मागून घेतला आणि साहेबांना विचारून सांगतो म्हणाला. मसुदा सुधारून आल्यावर वाचून सही करीन, असं बाबांनी सांगितलं. घरी परतताना मी काही बोलले नाही. आधी जे बोलले होते, ते आठवत होतं.

मसुदा अजून आलेला नाही. दादा मंडळी परत गेली. भाचीला देवनागरी येत नाही, म्हणून बाबा दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला चाळ वाचून दाखवतात. इथे संध्याकाळ, तिथे सकाळ. ते कॉल अगाशीतूनच करतात, खाली नेटवर्क येत नाही हे त्यांचं कारण. परवा गच्चीचं प्रकरण सुरू झालं. मध्येच तिने पुन्हा विचारलं, "आजोबा, मिळाली का त्यांना?"

"थांब," बाबा पान उलटत म्हणाले, "अजून चार पानं आहेत."