हाडाने धातू कबूल करावा म्हणून

अम्मीच्या खुब्यात टायटॅनियमची वाटी बसवायची ठरली, तेव्हा घरात प्रत्येकाची एकच शंका होती: परकी वस्तू शरीर कबूल करेल का? खाला तर स्पष्टच म्हणाली, "हाड धातूला कशाला धरेल?"

शंका रास्त होती. परक्या वस्तूभोवती शरीर बहुधा तंतूंचं वेष्टन घालतं आणि तिला वेगळं पाडतं. टायटॅनियमचं तसं नाही, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवर प्रयोग करताना कळलं. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते निघेना. या धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावर रक्तातली प्रथिनं चिकटतात आणि त्यांच्या आधाराने हाड घडवणाऱ्या पेशी पाय रोवतात.

अम्मीची वाटी थ्रीडी प्रिंटिंगची. टायटॅनियमच्या मिश्रधातूची पूड थरावर थर पसरून लेझरने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने हवी तिथेच वितळवतात. त्यामुळे आतून भरीव, हाडाकडच्या बाजूला जाळीदार अशी वाटी एकसंध बनते. अशी वाटी 2007 साली इटलीत एका रुग्णाला बसवली गेली होती. जाळीतली छिद्रं साधारण 300 ते 600 मायक्रॉनची, म्हणजे पेशींबरोबर रक्तवाहिन्याही आत शिरतील एवढी. शिवाय भरीव मिश्रधातू हाडापेक्षा कितीतरी पट ताठ असतो. सगळा भार त्यानेच उचलला, तर शेजारचं हाड कामाविना विरळ होत जातं. जाळीमुळे तो ताठपणा थोडा कमी होतो.

तरी एक अट उरतेच. सुरुवातीला वाटी सुमारे 150 मायक्रॉनहून जास्त हलत राहिली, तर छिद्रांत हाडाऐवजी मऊ तंतू भरतात. म्हणून ती किंचित लहान खोबणीत ठोकून घट्ट बसवतात, आणि पुढचे काही आठवडे जपावं लागतं. वॉकर, उंच खुर्ची हे अम्मीने निभावलं. खुर्चीवरची नमाज मात्र तिला जड गेली. जमिनीवर कपाळ टेकल्याशिवाय तिला सजदा पुरा वाटत नाही.

सर्जनचं काम दोन तासांत संपलं. पेशींचं काम अनेक महिने चालतं आणि ते बाहेरून कुणालाच करता येत नाही. "आता सगळं झिजलंय माझं," असं अम्मी ज्या हाडांबद्दल म्हणते, तीच ते करत आहेत.