हस्तांतरण आणि बोजा

महसूल खात्यात एकतीस वर्षे चाकरी करून अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून मी निवृत्त झालो, तेव्हा ‘हस्तांतरण’ हा शब्द माझ्या अंगवळणी पडलेला होता; खरेदीखत झाले, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावरचे नाव बदलले, की आमच्या दप्तरापुरते हस्तांतरण पुरे होई. पुढे गावाच्या उत्तरेस ओढ्याकाठी मी घर बांधले आणि दोनच वर्षांत ओढ्यापलीकडे पालिकेचे ‘कचरा हस्तांतरण केंद्र’ उभे राहिले, तेव्हा आपला जुना शब्द पत्र्याच्या फलकावर पाहून मला मौजच वाटली होती.

गल्लीबोळांतून आलेल्या घंटागाड्या तेथील रॅम्पवर चढत, खाली उभ्या असलेल्या मोठ्या गाडीत कचरा ओतत, आणि ती गाडी भरली की दूरच्या डेपोकडे रवाना होई. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतील व्याख्येनुसारही अशा केंद्राने कचरा स्वीकारून झाकलेल्या वाहनांतून एकगठ्ठा पुढे पाठवावा, एवढेच त्याचे काम होते. परंतु मोठी गाडी यायला उशीर झाला की कचरा जमिनीवर उतरे, आणि मग घारी, गायी व कुत्री आपापला वाटा उचलीत.

अशात विस्ताराची जाहीर नोटीस निघाली: लगतचे गायरान घेऊन दुसरा रॅम्प बांधावयाचा, शेजारच्या दोन गावांचा कचराही येथेच आणावयाचा, आणि कोणाची हरकत असल्यास ती मुदतीत लेखी द्यावयाची. आयुष्यभर लोकांच्या हरकती दाखल करून घेणारा मी, स्वतः हरकतदार होण्याची ही पहिलीच वेळ; तेव्हा पुराव्यावाचून अर्ज करावयाचा नाही, असे ठरवून एका पहाटे घराबाहेर पडलो.

डांबरी रस्त्यावर गाड्यांतून ठिबकलेल्या पाण्याची एक काळसर ओळ उमटलेली असे, तीच धरून मी निघालो. भाजीची देठे, शिळे अन्न, फळांच्या साली एकावर एक दाबल्या गेल्या की त्यांतून काढ्याच्या रंगाचे, आंबूस वासाचे पाणी सुटते. ती ओळ फाटकातून आत गेली, फरशीच्या भेगेत शिरली, कुंपणाखालच्या मोरीतून उतरली आणि ओढ्याच्या काठी मला पुन्हा भेटली. जेथे पूर्वी मुले खेकडे धरीत, तेथला एक दगड मी उचलून पाहिला. त्याखाली काळा, बुळबुळीत चिखल होता आणि कुजलेल्या अंड्यासारखी दुर्गंधी. कुजणाऱ्या द्रव्यापायी पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि त्याच्यावाचून जगणारे जिवाणू तेवढे माजतात, हे शाळेत घोकलेले शास्त्र असे हाताला लागले. तेथून आमची विहीर चाळीस पावलांवर आहे.

सुनावणीच्या दिवशी अधिकारी सौजन्याने म्हणाले, “अहो काका, कचरा इथे मुक्कामाला थोडाच राहतो? आला की हस्तांतरित होतो.” मी त्यांच्यासमोर नकाशा पसरला. त्यात दोन रॅम्प होते, वजनकाटा होता, पहारेकऱ्याची खोलीसुद्धा होती. त्या काळ्या पाण्यासाठी मात्र ना टाकी होती, ना पावसापासून कचरा झाकणारे छप्पर. “साहेब,” मी म्हणालो, “हस्तांतरणाने जमिनीचा मालक बदलतो, इतर हक्कांतला बोजा जमिनीवरच राहतो. जुना बोजा कोण फेडणार ते आधी ठरू द्या, मग नवी नोंद धरा.”

क्षणभर विचार करून त्यांनी अर्जाच्या समासात शेरा मारला: ‘टाकी व छप्पर याबाबत अभिप्राय मागवावा.’ असे शेरे मी स्वतः शेकड्यांनी लिहिले असल्याने त्यांची चाल किती संथ असते, हे मला कोणी सांगावयास नको. तूर्त विहिरीचे पाणी आम्ही स्वयंपाकाला घेत नाही. आणि दर रविवारी मी ओढ्याकाठी जातो, तो दगड उचलून पाहतो आणि होता तसा ठेवून परत येतो.