जागा राखावी की माणूस?

खेळांना आपण करमणूक समजतो. पण पुष्कळ खेळांच्या पोटात जगण्यातले जुने पेच दडलेले असतात. अशाच एका पेचाची ओळख मला बारामतीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने करून दिली. तो संगणकावर बास्केटबॉलचा एक खेळ खेळतो. त्यात चेंडू हाती घ्यायचा नसतो. आपण संघाचे व्यवस्थापक. खेळाडू निवडायचे, त्यांचा सराव ठरवायचा आणि सामन्यापूर्वी डावपेच नोंदवून ठेवायचे. सामना मग संगणक खेळवतो. मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडण्याची सोय नाही. आधी जे ठरवले, त्याचेच फळ पदरी पडते.

त्यातला अवघड निर्णय बचावाचा. 'झोन' लावायचा की 'मॅन टू मॅन'? झोनमध्ये पाचही खेळाडू आपल्या बाजूचा भाग वाटून घेतात. आपल्या हद्दीत जो येईल त्याला अडवायचे. तो पलीकडे सरकला की तो शेजाऱ्याचा. मॅन टू मॅनमध्ये प्रत्येकाला एकेक प्रतिस्पर्धी नेमून दिलेला असतो. तो जाईल तिथे आपण जायचे. कबड्डीच्या मैदानाशेजारी वाढलेल्या आपल्या माणसांना पहिली रीत परकी वाटू नये. कोपरारक्षक आपला कोपरा धरून असतो आणि हातात हात गुंफलेली साखळी चढाई करणाऱ्याला वेढते.

दोन्ही पद्धतींचे गुणदोष भाच्याने मला समजावून सांगितले. झोनमध्ये धावपळ कमी, दमणूक कमी, फाउलही कमी. पुढे दोन आणि मागे तीन खेळाडू उभे केले की बास्केटखालची जागा भक्कम होते आणि एखादा संथ खेळाडूही सांभाळून घेतला जातो. परंतु समोरच्या संघात दुरून अचूक नेम साधणारे असतील, तर दोन हद्दींच्या फटीत त्यांना मोकळीक मिळते. हुकलेला चेंडू परत येतो तेव्हाही, कोणी कोणाला थोपवायचे हे ठरलेले नसल्याने, गोंधळ उडतो. मॅन टू मॅनमध्ये जबाबदारी स्वच्छ असते. पण ती दमवणारी आहे, आणि एक गडी कच्चा निघाला की सारा बचाव ढासळतो.

"मग तू काय निवडतोस?" मी विचारले.

"समोरचा संघ पाहून ठरवतो, मामा. पण एक आहे. झोनमध्ये मार बसतो तो बहुधा दोघांच्या मधून. दोघांनाही वाटतं, तो दुसऱ्याचा आहे."

हे वाक्य माझ्या मनातून जाईना, कारण आपल्या बारामती-इंदापूरच्या मुलखात 'तो दुसऱ्याचा आहे' असे म्हटले जाणारी मुले दरसाल येतात. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर या कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. बैलगाडीतल्या संसाराबरोबर मुलेही असतात. त्यांच्या गावची शाळा म्हणते, मूल येथे राहत नाही. येथली शाळा म्हणू शकते, मूल आमच्या पटावर नाही. दोन हद्दी दोन्हीकडून राखलेल्या, आणि मूल मधल्या फटीत.

ही फट बुजवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने स्थानिक संस्थेला आपल्या क्षेत्रातील बालकांची नोंद ठेवायला सांगितले, आणि त्याच कलमात स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देण्याचे कर्तव्यही सोपवले. पुढे शिक्षण हमी पत्राची कल्पना आली. मूल गाव सोडताना ते बरोबर न्यावे आणि जिथे टोळी पोहोचेल तिथल्या शाळेने त्याला वर्गात बसवावे. साखरशाळा जागा राखते. हमी पत्र मुलाच्या मागोमाग चालते. मात्र ते पत्र पाहून कोपीपर्यंत जाणारा शिक्षक लागतो. कागद आपल्या पायांनी चालत नाही.

आपल्या धर्मग्रामाचा विचार केला, तर तेथेही हा पेच आहेच. 1983 च्या धर्मसंहितेतील 518 वे कलम सांगते की धर्मग्राम सामान्यतः प्रादेशिक असावा, त्या हद्दीतील सर्व श्रद्धावंतांना सामावून घेणारा. हा झोन झाला. पण अवघ्या अकरा कलमांनंतर, 529 व्या कलमात, धर्मगुरूने आपल्या माणसांना ओळखावे, घरोघरी भेट द्यावी, गरीब, दुःखी, एकाकी आणि मायदेशाला पारखे झालेले यांना आवर्जून शोधावे असे म्हटले आहे. लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळही नव्व्याण्णवांची जागा सोडून एकाच्या मागे जातो.

आपल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीचेच पाहा. मुलगी बारामतीकडची असो आणि विवाह दूरच्या शहरात होवो, त्या विवाहाची नोंद तिच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामाकडे कळवली जाते आणि जुन्या पानावर तिच्या नावापुढे लिहिली जाते. माणूस कुठेही गेला तरी त्याचे पान त्याची वाट पाहते. पण नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेला मुलगा तिथल्या मिस्सेला जातो का, आजारात त्याला कोणी विचारते का, हे पान सांगू शकत नाही. गावच्या वेदीला वाटते तो शहराचा. शहराच्या वेदीला त्याचा पत्ताच नसतो.

विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवर एकट्या धर्मगुरूने प्रत्येकाच्या मागे धावावे, ही अपेक्षा अर्थातच अन्यायाची आहे. हद्दी आखल्याशिवाय काम होत नाही. मग तोड काय? ती मला बास्केटबॉलमध्येच सापडली. 1891 साली स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत हा खेळ रचणारा जेम्स नेस्मिथ ईश्वरविज्ञानाचा पदवीधर होता. त्याच्या मूळ 13 नियमांत बचाव कसा उभारावा याविषयी अक्षरही नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धेने, एनबीएने, झोनला दीर्घकाळ बंदी घातली होती. 2001-02 च्या हंगामात ती उठली. पण सोबत एक अट आली. बास्केटसमोरच्या आखीव पट्ट्यात बचावपटूने तीन सेकंदांहून अधिक काळ नुसते उभे राहायचे नाही. तेथे थांबायचे तर कोणातरी प्रतिस्पर्ध्याला हाताच्या अंतरावरून प्रत्यक्ष राखत असले पाहिजे. नाहीतर तो नियमभंग.

या अटीत मला पुष्कळ शहाणपण दिसते. जागा जरूर राखा. पण माणूस न राखता नुसती जागा अडवून उभे राहू नका. आपल्या विभागाच्या प्रार्थनासभा, मंडळे, समित्या यांना हीच कसोटी लावता येईल. तीन रविवार जे कुटुंब मिस्सेला दिसले नाही, त्यांच्या दारी कोण जाणार, त्याचे नाव ठरले आहे का? मुलगा शहराकडे निघाला, तर तिथल्या धर्मगुरूंना एक फोन कोण करणार? आणि यंदा टोळ्या आल्या, तर आपल्या वस्तीजवळच्या कोप्यांतली मुले जवळच्या शाळेपर्यंत कोण पोहोचवणार?

सामना सुरू झाल्यावर ओरडण्याची सोय नसते, हे संगणकाच्या खेळाइतकेच आपल्या बाबतीतही खरे आहे. मुले निघून गेल्यावर आपला आवाज त्यांच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. म्हणून नावे आधी ठरवायला हवीत, आणि गाळपाचा भोंगा वाजण्यापूर्वी ठरवायला हवीत.