नांदूरमध्यमेश्वरची खतावणी

निफाड तालुक्याला बाजारपेठ ओळखते ती कांद्यामुळे आणि द्राक्षांमुळे. हिवाळ्यात त्यात थंडीची भर पडते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला किमान तापमानाचा आकडा डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रांतून झळकू लागतो आणि द्राक्षबागांतून पहाटे शेकोट्या पेटतात. बागाईतदाराला ही थंडी नको असते. मात्र गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात, याच दिवसांत हजारो पक्षी मुक्कामाला असतात.

हा जलाशय पक्ष्यांसाठी कोणी बांधला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी येथे दगडी बंधारा घालण्यात आला. गोदावरीचे डावा आणि उजवा हे कालवे येथूनच निघून कोपरगाव-राहाता भागाकडे जातात. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली आणि त्यांवर पाणगवत वाढले. अभियंत्याच्या हिशेबात गाळ ही तूटच. पक्ष्यांनी मात्र ती जमेच्या बाजूस धरली. १९८६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०१९ मध्ये त्याचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत झाला. महाराष्ट्रातील ही पहिलीच रामसर जागा होय.

चापडगावच्या बाजूने पाण्याकाठी गेले की प्रथम दिसतात ती घरचीच मंडळी : चोचीवर पिवळा-लाल रंग असलेले हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, उंच पायांचा शेकाट्या. त्यांच्यात मिसळलेले पाहुणे ओळखण्यास थोडा सराव लागतो. थापट्या बदकाची चोच पळीसारखी पसरट असते. पाणी गाळून तो आपले अन्न वेचतो. तलवार बदकाची शेपटी टोकदार असते. केशरी-तपकिरी चक्रवाक जोडीने उभे असतात. त्यांची घरटी लडाख-तिबेटकडील उंच प्रदेशांत. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. या जातीचे हंस सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून उडाल्याचे उपग्रहाद्वारे केलेल्या अभ्यासात आढळले आहे.

हे सारे पाहून परतणारे पर्यटक पुष्कळ. मोठी भिंगे लावून एखाद्या दुर्मीळ पक्ष्याच्या मागे दिवसभर हिंडणारे छायाचित्रकारही कमी नाहीत. पण या स्थळाची खरी मिळकत वेगळ्याच माणसांच्या हाती आहे. ही माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी उभी राहून सामान्य पक्षी मोजतात. वन विभागाचे कर्मचारी, नाशिकचे पक्षिमित्र, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि आसपासच्या गावांतील तरुण मार्गदर्शक असा हा संमिश्र मेळा असतो. आशियाई पाणपक्षी गणना भारतीय उपखंडात १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिचे स्वरूप असेच आहे : बहुतांश स्वयंसेवक आणि बिनपगारी काम.

मोजण्याची रीत ऐकायला सोपी, करायला अवघड. सूर्योदयाच्या सुमारास चमू आपापल्या जागी पांगतात. थवा मोठा असेल तर प्रथम दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत भरून घ्यायचे आणि त्या मापाने शंभर, पाचशे असा अंदाज बांधायचा. मध्येच भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून घिरटी घालतो, सारा थवा उठतो आणि शेजारच्या चमूच्या हद्दीत जाऊन बसतो. मग तोच थवा दोनदा मांडला जाऊ नये म्हणून वेळ आणि उडण्याची दिशा ताडून पाहावी लागते. एकच माल दोन गोदामांच्या साठ्यात दाखवला गेला, तर काय होते हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

एका सकाळची ही यादी म्हणजे नुसती रोजकीर्द. तिच्यावरून फारसे काही कळत नाही. प्रत्येक जातीच्या खात्यावर सालोसालच्या नोंदी चढत गेल्या की खतावणी तयार होते आणि चढउतार बोलू लागतात. त्यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. पहिले, पक्षी दिसला नाही तर जागा कोरी सोडायची नाही, ‘निरंक’ लिहायचे. कोऱ्या रकान्यावरून पाहणारा आला नव्हता की पक्षी आला नव्हता, हे उमगत नाही. दुसरे, पाण्याची पातळी लिहायची. गंगापूर-दारणा धरणांतून आवर्तन सुटले की येथील पाणी वाढते, चिखलाचे काठ बुडतात आणि काठावर चरणारे छोटे पाणटिवळे दुसरीकडे निघून जातात. पातळीची नोंद नसेल तर तो आकडा पाहून कोणीही म्हणेल की पाणटिवळे घटले.

नांदूरमध्यमेश्वरला कौतुकाने महाराष्ट्राचे भरतपूर म्हणतात. मूळ भरतपुरातही पक्ष्यांचे आकडे आहेत, आणि ते दगडावर कोरलेले आहेत. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, अशी नोंद तेथील शिलालेखात आहे. मोजणी तीही चोखच होती. चापडगावच्या काठावर पेन्सिल घेऊन उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

नांदूरमध्यमेश्वरच्या आकड्यांची गरज आता वाढली आहे. गोदावरीला पूर आला की वरच्या बाजूची सायखेडा-चांदोरी ही गावे पाण्यात जातात. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत तेथील दुकाने व घरे बुडाली. ज्याच्या दुकानातील माल भिजला, त्याने बंधाऱ्यामागचा गाळ काढा म्हणणे अगदी स्वाभाविक आहे. त्याला पक्ष्यांचा वैरी ठरवणे अन्यायाचे होईल. पण हा गाळच तर पाणथळीचा पाया आहे. तो सरसकट उपसला तर राहील ते खोल पाणी, आणि खोल पाण्यात थापट्याला चोच बुडवून चरता येत नाही, शेकाट्याचा पाय टेकत नाही. त्यात जलपर्णीचा विळखा आहे. ती वाढली की मोकळे पाणी झाकले जाते. कोणत्या भागातील गाळ काढला तर पक्ष्यांचे नुकसान कमी होईल, जलपर्णी आधी कोठून हटवावी, याची उत्तरे भावनेच्या जोरावर मिळणार नाहीत. कोणते बेट, कोणती खाडी वर्षानुवर्षे भरलेली असते आणि कोणती बहुधा निरंक, हे ज्या वहीत लिहिले आहे तीच वही दोन्ही पक्षांसमोर मांडता येईल. ती वही जितकी जुनी आणि सलग, तितका तिचा शब्द वजनदार.

भेट द्यायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि पोहोचावे पहाटेच. दुर्बीण आणि मार्गदर्शक तेथे मिळतात. भडक कपडे आणि मोठा आवाज तेवढा टाळावा. गणनेच्या दिवशी नवख्या माणसाकडे बहुधा लेखनिकाचे काम येते : जाणकार आकडा सांगतो, त्याने तो लिहायचा. वहीखात्याची सवय असलेल्या हाताला हे जड जाऊ नये. फेब्रुवारी सरताना पाहुण्यांचे रकाने विरळ होऊ लागतात. भर उन्हाळ्यात चक्रवाकासमोर निरंक पडतो, आणि हळदीकुंकू बदकांची मोजणी तेवढी पुढे चालू राहते.